थोडके दान आणि भुकेचा इतिहास



मोठ्या दानाला इतिहासात शिलालेख मिळतो; थोडक्या दानाला फार तर जमाखर्चाच्या वहीत एक ओळ मिळते. राजाने गाव इनाम दिले की ताम्रपट होतो, धनिकाने धर्मशाळा बांधली की दारावर पाटी बसते. पण पाच-पन्नास माणसांनी वर्गणी काढून दहा अनाथ पोरांना वर्षभर भाकरी आणि छप्पर दिले, तर त्याची आठवण ठेवण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. आज मला याच विसरलेल्या ओळींविषयी बोलावयाचे आहे. भुकेल्याला अन्न आणि बेघराला आसरा देणाऱ्या लहान लहान स्थानिक संस्थांना जे थोडके साह्य मिळत आले, त्याने महाराष्ट्रात काय घडले आणि काय घडू शकले नाही, हा माझा प्रश्न आहे. प्रश्न केवळ जुन्या कागदांपुरता नाही. आपल्यापैकी पुष्कळजण अशा संस्थांना काही ना काही देत असतील. ते दिलेले कारणी लागते काय, आणि आपण दिल्यामुळे सरकार आपल्या कर्तव्यातून सुटते काय, ही शंका आपल्या मनात येत असेल. इतिहासाने या शंकेचे उत्तर बऱ्याच अंशी देऊन ठेवले आहे.

प्रथम जुनी रीत पाहू. पेशवाईत पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यामध्ये श्रावणमासी दक्षिणा वाटली जात असे आणि दूरदूरच्या प्रांतांतील ब्राह्मण ती घेण्यासाठी पुण्यास येत. रक्कम मोठी, समारंभ मोठा. पण ही दक्षिणा भूक पाहून दिली जात नव्हती, जात आणि विद्या पाहून दिली जात होती. तीर्थक्षेत्रांतील अन्नछत्रांचीही कथा बहुतेक ठिकाणी अशीच होती. पंगत कोणाची, हे आधी ठरे आणि भुकेला कोण, हे मागाहून. याच्या जोडीला एक लहान, घरगुती व्यवस्थाही चालू होती. गरीब विद्यार्थी सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असे सात घरी सात वार लावून जेवत, कोणी माधुकरी मागून आणीत. कोणत्याही एका घरावर भार पडत नसे आणि मुलाचे शिक्षण निभावून जाई. पुढे १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले, त्याच्यामागे हीच परंपरा उभी होती. वार लावण्याची रीत शहाणपणाची होती, यात संशय नाही. परंतु तिचाही उंबरठा जातीचा होता. महाराच्या किंवा मांगाच्या मुलाला वार लावून देणारे घर त्या काळी शोधून सापडले नसते. म्हणून थोडक्या दानाचे गुणगान करण्यापूर्वी हे मान्य केले पाहिजे की, दान लहान असले म्हणजे ते आपोआप न्यायाचे होते असे नाही.

या जुन्या व्यवस्थेची खरी परीक्षा झाली ती १८७६-७७ च्या दुष्काळात. १८७६ चा पाऊस गेला आणि पुणे, नगर, सोलापूर, सातारा, विजापूरकडचा कलादगी, बेळगाव, धारवाड या जिल्ह्यांत हाहाकार उडाला. मद्रास इलाख्यात आणि म्हैसूर संस्थानात तर त्याहून भयंकर स्थिती होती. १ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटन यांनी दिल्लीस दरबार भरविला, तेव्हा दक्षिणेत माणसे अन्नावाचून मरत होती. त्या दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, स्वतः कातलेल्या सुताची खादी नेसून हजर होते, हे आपण जाणताच.

सरकारने काही केले नाही असे म्हणणे खरे होणार नाही. रस्ते, तलाव, कालवे यांची कामे काढण्यात आली आणि मागेल त्याला खडी फोडण्याचे काम मिळू लागले. परंतु त्या साह्यामागे काटकसरीचे एक कठोर शास्त्र होते. हिंदुस्थान सरकारने दुष्काळी कामांच्या तपासणीसाठी सर रिचर्ड टेंपल यांना पाठविले. पुढे त्याच वर्षी ते मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांनी मजुराचा शिधा दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडी चिल्लर इतका खाली आणला. एक पौंड म्हणजे आपल्या हिशेबाने अर्ध्या किलोहूनही कमी. दिवसभर उन्हात खडी फोडणाऱ्या माणसाला एवढ्यावर जगता येत नाही, असे मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी सरकारला लेखी कळविले. मुंबई इलाख्यात तर हजारो मजुरांनी कामे सोडली आणि उपाशी माणसांनी संप करावा असा प्रकार घडला. सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारला पत्रामागून पत्रे लिहिली आणि मजुरांची बाजू मांडली.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. शिधा पुरेसा असता तरीही ही व्यवस्था सर्वांपर्यंत पोहोचणारी नव्हती. कामे मोठी, म्हणून ती गावापासून दूर; तेथे जाण्यासाठी घरदार सोडावे लागे. जो चालू शकेल त्याला काम, जो काम करील त्याला शिधा. मग आजारी म्हातारीने काय करावे? आईबाप मेलेल्या पाच वर्षांच्या पोराने कोठे जावे? नवऱ्यामागे परगावी गेलेल्या बाईच्या घराची राखण कोणी करावी? मोठ्या यंत्राला अशी माणसे दिसत नाहीत. ती दिसतात गल्लीतल्या माणसाला. आणि येथेच लहान संस्थेचे काम सुरू होते.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला होता. दुष्काळ पडला तेव्हा समाज जेमतेम तीन-चार वर्षांचा होता. त्याच्यापाशी खजिना नव्हता. तरीही १८७७ साली पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळातील मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम निघाला. जोतीरावांनी मदतीची हाक वर्तमानपत्रातून दिली. मुलांना दोन्ही वेळा खाऊ घालणे हे काम सावित्रीबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उचलले. ह्या पंगतीला जातीचा उंबरठा नव्हता. रमण्यातील दक्षिणा आणि धनकवडीची भाकरी यांच्यात अंतर थोड्या मैलांचेच असेल. पण विचाराने पाहिले तर त्या दोहोंमध्ये एक युग उलटले होते.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सावित्रीबाईंनी जुन्नर भागातील ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. त्यात दुष्काळाचे जे चित्र आहे ते अंगावर काटा आणणारे आहे. त्याचबरोबर एक लहानशी घटनाही आहे, ती आपल्या विषयाचे सारच म्हणावी. त्या भागात सावकारी जुलमावरून दंगाधोपा माजला होता. मदतीचे काम करणाऱ्या सत्यशोधकांपैकी पन्नासेक जणांना अधिकाऱ्यांनी अडकवून ठेवले. सावित्रीबाई कलेक्टरसमोर उभ्या राहिल्या, आपली माणसे निर्दोष आहेत हे त्यांनी निर्भयपणे सांगितले. कलेक्टरने माणसे तर सोडलीच. शिवाय त्यांचे काम पाहून ज्वारीच्या चार गाड्या पाठवून दिल्या.

चार गाड्या जोंधळा! इलाख्याच्या दुष्काळी खर्चात ही रक्कम हिशेबात धरण्याजोगी नव्हती. तरी तिच्यामागील क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी स्थानिक माणसे कामास लागली होती. कोण उपाशी आहे हे त्यांना ठाऊक होते; त्यासाठी कोणाला अर्ज भरावा लागत नव्हता. मग त्यांच्या हाती धान्य आले. धान्य येताच ते चुलीवर चढले. आणि तिसरी गोष्ट अशी की, मदत घेणाऱ्या बाईने मदत देणाऱ्या साहेबाला आधी खडसावून विचारले होते. तिने आपल्या माणसांची सुटका ज्वारीच्या मोबदल्यात विकली नाही. साह्य घेतल्याने जीभ जड होते, असा आपल्याकडील पुष्कळ संस्थांचा अनुभव आहे. ओतूरच्या त्या प्रसंगी तसे घडले नाही.

याच दुष्काळातील दुसरे उदाहरण मद्रासकडचे आहे, आणि ते मोठ्या रकमेचे आहे म्हणूनच मुद्दाम सांगतो. १८७७ च्या ऑगस्टमध्ये मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी लंडनच्या लॉर्ड मेयरकडे मदतीची याचना केली. इंग्लंडात आणि वसाहतींत वर्गणी सुरू झाली. लॉर्ड मेयरच्या निवासस्थानावरून त्या निधीला मॅन्शन हाऊस निधी असे नाव पडले. थोड्याच महिन्यांत कित्येक लाख पौंड जमले. एवढा पैसा वाटावयाचा कसा? मद्रासच्या मध्यवर्ती समितीने जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक समित्या नेमल्या आणि रक्कम लहान लहान हिश्शांनी त्यांच्या हाती सोपविली. समितीचे मानद चिटणीस विल्यम डिग्बी हे एका वर्तमानपत्राचे संपादक होते. त्यांनी १८७८ साली या सगळ्या प्रकरणाचा दोन खंडांचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

ह्या निधीने हेतू काय ठरविले होते ते पाहिले की त्या माणसांना परिस्थितीची नाडी सापडली होती असे वाटते. सरकारी कामावर जाऊ न शकणाऱ्यांना अन्न, अनाथ मुलांचे पोषण, पडद्यातील स्त्रियांना घरपोच साह्य, हे तर होतेच. त्याशिवाय बी-बियाणे, अवजारे, बैल यांसाठी आणि घराचे छप्पर पुन्हा शाकारण्यासाठी थोडी थोडी रक्कम दिली गेली. छप्पर कशासाठी? कारण दुष्काळात वैरण संपली तेव्हा शेतकऱ्यांनी घरावरचे गवत काढून गुरांच्या पुढे टाकले होते, आणि वासे विकून धान्य आणले होते. पाऊस पडला तेव्हा शेत होते पण पेरायला बी नव्हते. भिंती होत्या पण वर आढे नव्हते. भूक आणि बेघरपणा ही दोन संकटे वेगळी नसतात, पहिले दुसऱ्याला जन्म देते, हे ह्या एका गोष्टीवरून कळते. अशा वेळी छप्पर शाकारण्यापुरते चार रुपये हातात पडले, तर एक कुटुंब पुन्हा आपल्या पायांवर उभे राही. तेच चार रुपये न मिळाले, तर ते कुटुंब मद्रासच्या रस्त्यावर भीक मागत राही आणि त्याला पोसण्यास वर्षानुवर्षे खर्च येई. वेळेवर दिलेली लहान रक्कम उशिरा दिलेल्या मोठ्या रकमेहून स्वस्त पडते, हा काही भावनेचा प्रश्न नाही, साधा व्यवहार आहे.

आता महाराष्ट्रात परत येऊ आणि दात्याविषयी थोडे बोलू. कारण पैसा येतो तेव्हा त्याच्याबरोबर दात्याची इच्छाही येते. पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या तेव्हा तेथील लोकांनी बॉस्टन शहरी १८८७ साली रमाबाई असोसिएशन स्थापन केली. गावोगाव मंडळे निघाली आणि त्यांच्या सभासदांनी दहा वर्षे दरसाल निदान एक डॉलर देण्याचे वचन दिले. एक डॉलर, पण दहा वर्षे! या वचनाच्या बळावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. घराबाहेर काढलेल्या, केशवपन झालेल्या मुलींना तेथे आसरा मिळाला. एकदम हजार डॉलर देऊन मोकळ्या होणाऱ्या दात्यापेक्षा दहा वर्षे एकेक डॉलर देणारी बाई संस्थेला अधिक उपयोगी पडते, कारण संस्थेला उद्याचा भरवसा मिळतो. परंतु धर्माच्या प्रश्नावरून १८९३ साली वाद पेटला. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मातब्बर माणसे सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात कोणाची बाजू किती खरी, हे ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. आसरा मागणाऱ्या मुलीच्या डोक्यावरून दोन बलवान पक्षांचे भांडण चालले, एवढे मात्र नोंदविलेच पाहिजे.

त्याच रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन शेकडो निराधार मुली आणल्या. पुण्यात प्लेगमुळे इतक्या जणींना एकत्र ठेवणे अशक्य झाले, तेव्हा केडगावच्या माळावर त्यांची सोय केली. तेथेच मुक्तिसदन वाढले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेकडूनही मुली आल्या, आणि रहिवाशांची संख्या हजारावर गेली.

शारदासदनाचा धागा आणखी एका संस्थेपर्यंत पोहोचतो. त्या सदनातील एक विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला, आणि १८९६ साली अण्णांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. संस्थेला जागा नव्हती. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्यास सहा एकर जमीन दिली आणि एक झोपडी बांधण्यासाठी ७५० रुपये दिले. १९०० साली आश्रम त्या झोपडीत गेला. रस्ता धड नव्हता. पावसाळ्यात चिखल तुडवीत अण्णा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून हिंगण्यास जात. वर्गणीसाठी त्यांनी गावोगाव पायपीट केली. गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले ह्या तर १९१८ साली, इंग्रजी फारसे येत नसताना, अमेरिकेस गेल्या आणि तेथे घरकाम करून राहिल्या. आज हिंगण्याच्या त्या परिसराकडे पाहताना ७५० रुपयांची ती झोपडी कोणाच्या ध्यानात येणार नाही. पण त्या दिवशी ते ७५० रुपये मिळाले नसते तर आश्रम कोठे राहिला असता? त्या दानाचे वैशिष्ट्य असे की, ते मुलींच्या जेवणासाठी नव्हते, भिंती-छपरासाठी होते. आणि देणाऱ्याने झोपडी कशी असावी, आश्रम कसा चालवावा, यावर आपला हक्क सांगितला नाही.

आता साताऱ्याकडे वळू, कारण मूठभर दानाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण तेथले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. निरनिराळ्या जातींची गरीब मुले एका छताखाली राहिली, एका पंगतीला जेवली. धान्य कोठून यायचे? खेड्यापाड्यांतून मुष्टिफंड निघाला. घरातील बाई दळायला बसताना एक मूठ धान्य बाजूच्या मडक्यात टाकी आणि ते मडके भरले की वसतिगृहाकडे जाई. वर सांगितलेली वाराची रीतच ही, पण जातीचा उंबरठा ओलांडून आलेली! आणि मुष्टिफंड अपुरा पडला तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट देऊन त्याचे नामकरण केले. पुढे त्यांच्या प्रयत्नाने हरिजन सेवक निधीतून वर्षाला ५०० रुपयांचे साह्यही मिळू लागले.

पण ह्या कथेचा पुढला भाग तितकाच बोधप्रद आहे. संस्था वाढली, शाळा वाढल्या आणि सरकारी अनुदानावर तिचा गाडा चालू लागला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत भाऊरावांच्या स्पष्ट बोलण्यावरून मुंबई सरकारची इतराजी झाली आणि संस्थेचे अनुदान थांबले. लोकांमध्ये क्षोभ झाला, पुढे अनुदान पुन्हा सुरूही झाले. तथापि तेवढ्या काळात संस्था कशावर तगली? ज्या घरांनी मूठ मूठ धान्य दिले होते त्या घरांच्या आपलेपणावर. सरकारचा हात मोठा खरा, पण तो एक असतो. एका कागदाने तो मागे घेता येतो. हजार घरांच्या हजार मुठी एका कागदाने बंद करता येत नाहीत.

आपण म्हणाल, तर मग सर्व काही लोकांच्या दानावरच सोपवावे काय? येथेच मला माझ्या विषयाची मुख्य गोष्ट सांगावयाची आहे. १८७७ साली सार्वजनिक सभा सरकारला पत्रे लिहीत होती आणि सत्यशोधक समाज धनकवडीस भाकऱ्या थापीत होता. ह्या दोन गोष्टी परस्परविरुद्ध आहेत असे त्यावेळी कोणी मानले नाही, आणि त्या तशा नव्हत्याच. सरकारवर दबाव आला, १८७८ साली दुष्काळ आयोग नेमला गेला, १८८० साली त्याचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळसंहिता जन्मास आली. दुष्काळात माणसे जगविणे हे राज्याचे काम आहे, ही गोष्ट निदान कागदावर मान्य झाली. ज्यांनी भाकरी वाटली आणि ज्यांनी अर्ज लिहिले त्या दोघांचाही त्यात वाटा आहे. भाकरी वाटणाऱ्याने उपाशी माणसाची हकीकत जगापुढे आणली नसती, तर अर्ज लिहिणाऱ्याच्या लेखणीला वजन कोठून आले असते?

या विचाराची पुढची पायरी आपल्या महाराष्ट्रातच गाठली गेली. १९७० पासून सलग पावसाने दगा दिला आणि १९७२-७३ चा दुष्काळ पडला. मिलो ज्वारी, सुकडी, खडीची कामे हे त्या काळातील शब्द वडीलधाऱ्यांच्या अजून कानांत असतील. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यापूर्वीच वि. स. पागे यांनी तासगाव भागात केलेल्या प्रयोगातून रोजगार हमीची कल्पना पुढे आली होती. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ च्या देशव्यापी कायद्याला याच योजनेचा नमुना उपयोगी पडला.

ह्या योजनेला पैसा कोठून आला, हे शहरातील श्रोत्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. १९७५ साली महाराष्ट्रात व्यवसाय कर सुरू झाला तो याच कामासाठी. नोकरदाराच्या पगारातून दरमहा जी थोडी रक्कम कापली जाते, आणि जी घटनेप्रमाणे वर्षाला २५०० रुपयांहून अधिक असू शकत नाही, तिचे मूळ येथे आहे. म्हणजे खेड्यातील उपाशी मजुरासाठी शहरातील पगारदाराची एक मूठच ती! साताऱ्याच्या बाईने आपखुशीने मडक्यात टाकलेली मूठ येथे कायद्याची मूठ झाली. थोडक्या दानाचा याहून मोठा विजय मला तरी माहीत नाही. दान मागावे लागते, हक्क मागता येतो. आणि मुठीचा प्रवास दानाकडून हक्काकडे झाला.

मग कायदे झाल्यावर लहान संस्थांचे काम संपले काय? तसे झालेले नाही. ज्याला काम करता येते त्याच्यासाठी रोजगार हमी आहे. पण स्टेशनच्या फलाटावर झोपणाऱ्या आजारी म्हाताऱ्याच्या हाती कुदळ देऊन भागत नाही. शिधापत्रिकेवर धान्य मिळते. पण ज्याला घरच नाही त्याच्यापाशी पत्ता लिहिण्याजोगा कागद कोठला? २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने शहरांत दर १ लाख वस्तीमागे एक रात्रनिवारा असावा असे बजावले आणि त्यानंतर सरकारी योजनाही निघाल्या. त्या निवाऱ्यांचे दार उघडणारा, रात्री अकरा वाजता पुलाखाली जाऊन माणसाला समजावून आणणारा जो कोणी असतो, तो मात्र बहुधा एखाद्या लहान स्थानिक संस्थेचा असतो. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' हे केंद्र उभे केले. तेथे राबणाऱ्या माणसाला परवडेल अशा दरात, मिंधेपणा न वाटता जेवता आले, हेही याच परंपरेतील.

अशा संस्थांना आज पैशाची अडचण आहेच; पण तिच्याहून अडचणीची एक गोष्ट आहे, ती पैसा देण्याच्या पद्धतीची. दात्याला पोळी दिसते, पोळी लाटणारी बाई दिसत नाही. धान्य, ब्लँकेट, औषधे यांसाठी पैसे मिळतात. जागेचे भाडे, स्वयंपाकिणीचा पगार, हिशेबनिसाचे मानधन म्हटले की हात आखडतो. कायद्यांचा रोखही तसाच आहे. कंपन्यांनी सामाजिक कार्यासाठी खर्च करावा असे २०१३ च्या कायद्याने ठरले, तेव्हा कंपन्यांच्या प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आली. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. तिने संस्थेच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला त्यातून रक्कम देण्यास बंदी घातली. गैरव्यवहार थांबावा हा हेतू सांगितला जातो आणि तो कोणीही नाकारणार नाही. परंतु मद्रासच्या समितीने १८७७ साली केले तसे, म्हणजे मोठा निधी एकाने गोळा करावा आणि जिल्ह्यातील लहान समित्यांना वाटून द्यावा, हे परदेशी देणगीच्या बाबतीत आता करता येत नाही. म्हणून गावातील संस्थेचा भार गावातील माणसांनीच उचलला पाहिजे, ही गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे.

हिशेबाबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत. १९५० च्या विश्वस्त कायद्यापासून महाराष्ट्रात सार्वजनिक संस्थांना धर्मादाय आयुक्तांकडे नोंद आणि हिशेब द्यावा लागतो, आणि ते योग्यच आहे. लोकांच्या पैशाचा हिशेब पैपर्यंत दिला पाहिजे हे अण्णासाहेब कर्व्यांसारख्यांनी कायदा नसतानाही मानले. पण दहा हजार रुपये देऊन वीस पानांचा अहवाल मागणारा दाता आणि ज्वारीच्या चार गाड्या देऊन काम चालू द्या म्हणणारा अधिकारी, यांत शहाणा कोण, हे आपणच ठरवावे. हिशेब हवा, पण तो देणगीच्या मापाचा असावा.

तेव्हा या सर्व इतिहासातून आपण घरी काय न्यावे? मला चार साध्या गोष्टी सुचतात. देणे थोडके असले तरी चालेल, पण ते रमाबाईंच्या मंडळांप्रमाणे दरसालचे असावे. एका वर्षाच्या उत्साहावर कोणतीही चूल कायम पेटत नाही. ते गोखल्यांच्या देणगीप्रमाणे भिंत, छप्पर, भाडे, पगार यांना चालेल असे असावे. पंगतीला कोण बसतो हे विचारून मग द्यावे. ज्या पंगतीत जात, धर्म किंवा पक्ष पाहून पान मांडले जाते तिला आपली मूठ जाऊ नये. आणि शेवटचे म्हणजे, देणगी दिली म्हणून त्या संस्थेचे तोंड बंद व्हावे अशी अपेक्षा आपण ठेवू नये. उलट ती नगरपालिकेला, सरकारला, प्रसंगी आपल्यालाही जाब विचारीत असेल तर आपले दान योग्य ठिकाणी गेले असे समजावे.

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, म्हणजे या दुष्काळाच्या अगदी आदल्या वर्षी. व्याख्याने ऐकणारे तेच शहर वर्षभराने भुकेच्या प्रश्नाशी झुंजू लागले. ज्ञान आणि अन्न यांचा संबंध त्या पिढीला कोणी समजावून द्यावा लागला नाही. आपल्या गावातही रात्री कोणीतरी उपाशी झोपत असेल आणि त्याच्यासाठी धडपडणारी दहा-पाच माणसांची एखादी संस्था कोठल्यातरी बोळात असेल. तिचा पत्ता आपण काढावा, तिची वही एकदा उघडून पाहावी आणि तिच्यात आपलीही एक ओळ लिहावी, एवढीच माझी विनंती आहे.